भात्याविना सूर

पॅरिसचे नोत्र दाम महामंदिर ७ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा उघडले. त्या संध्याकाळच्या सोहळ्यातील एक विधी आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटला. आर्चबिशप लोराँ उलरिश यांनी मंदिरातील महाऑर्गनला उद्देशून आठ वेळा आवाहन केले. माणसाला हाक मारावी तशी त्या वाद्याला हाक मारून त्यांनी त्याला जागे होण्यास, स्तुती करण्यास, दुःखितांना दिलासा देण्यास सांगितले. आणि प्रत्येक हाकेला ऑर्गनने स्वरांत उत्तर दिले. १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून हे सुमारे आठ हजार नळ्यांचे वाद्य ज्वाळांपासून वाचले होते. तथापि छपराच्या शिशाची विषारी धूळ त्याच्या अंगोपांगांत शिरली होती. कारागिरांनी ते उतरवले, त्याच्या नळ्या साफ केल्या, पुन्हा बसवल्या आणि कित्येक महिने खपून त्यांचा स्वर जुळवला. पाच वर्षांहून अधिक काळ मुक्या राहिलेल्या वाद्याला घातलेली ती साद होती.

अशी साद संगणकाला घालता येईल काय? प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो थट्टेचा नाही. आज संगणकावर चालणारी अशी प्रणाली मिळते, की जिच्यामुळे युरोपातल्या एखाद्या मोठ्या ऑर्गनचा नाद आपल्या धर्मग्रामातील दोन ध्वनिक्षेपकांतून उमटू शकतो. वेदीमागच्या खोलीतील जुन्या पायपेटीचा भाता फाटला, तिच्या पट्ट्या वाळवीने पोखरल्या, की पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत हा विषय निघतोच: दुरुस्ती करायची, कीबोर्ड घ्यायचा, की संगणक आणायचा? खर्चाचे गणित त्या बैठकीत होते. नादाचा विचार सहसा होत नाही. तो येथे करावा, असा आमचा मानस आहे.

प्रथम या प्रणालीची कामगिरी न्यायाने सांगितली पाहिजे. 'हॉप्टवर्क' ही त्यांतली नामांकित, 'ग्रँडऑर्ग' ही विनामूल्य मिळणारी. त्यांसाठी एखाद्या ऑर्गनच्या नळ्या एकेक करून, त्याच मंदिरात, रात्रीच्या शांततेत ध्वनिमुद्रित करतात. नळी बोलू लागते तो क्षण, तिचा स्थिर सूर, आणि पट्टी सोडल्यावर मंदिराच्या भिंतींत विरत जाणारा तिचा निनाद, हे तिन्ही टिपतात. मग कीबोर्डवर बोट ठेवताच संगणक नेमक्या त्या नळीचा तो नमुना वाजवतो. प्रागच्या 'सोनुस पॅराडिसी' या संस्थेने फ्रान्समधील काँ शहराच्या सेंट एतियेन मंदिरातील, १८८५ सालच्या काव्हाये-कोल ऑर्गनचे असे नमुने तयार केले आहेत. चांगले श्रवणयंत्र कानांना लावून ऐकले तर त्यातली खर्जाची कंपने आणि तुतारीसारख्या नळ्यांची धार थक्क करून सोडते. ज्या विद्यार्थ्याला आयुष्यात एकदाही पाइप ऑर्गनसमोर बसण्याची संधी मिळणार नाही, तो आपल्या घरी बसून बाखच्या रचनांचा अभ्यास करू शकतो. हे लहानसहान दान नव्हे.

परंतु हेच नमुने आपल्या मंदिरात वाजू लागले की एक विचित्र प्रकार घडतो. ध्वनिमुद्रणात काँच्या दगडी कमानींचा दीर्घ निनाद भिनलेला असतो. आपले मंदिर कौलारू, लाकडी आढ्याचे, रविवारी माणसांनी भरलेले; त्याचा स्वतःचा निनाद अल्प. परिणाम असा होतो, की ऑर्गन फ्रान्समध्ये वाजत असतो आणि लोक येथे गात असतात. वाद्याचा सूर घुमत दूर जातो, लोकांचा सूर ओठांपुढे चार हातांवर विझतो. दोघे एका छपराखाली नाहीत हे कानाला कळते, जरी मनाला त्याचे कारण उमगत नाही. भाविक हळूहळू आवाज खाली घेतात. कारण त्या भव्य नादापुढे आपला स्वर त्यांना उघडा, कोरडा वाटू लागतो. ऑर्गनचे काम लोकांच्या गायनाला उचलून धरण्याचे. येथे तो त्यांना श्रोते करून टाकतो. निनाद वगळून केलेले कोरडे नमुनेही मिळतात, आणि जाणकार ते निवडतात. आमच्या पाहण्यात मात्र विकत घेणाऱ्याला मोह पडतो तो घुमणाऱ्या नमुन्यांचाच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. खऱ्या ऑर्गनमध्ये सगळ्या नळ्या एकाच वायुपेटीतून श्वास घेतात. दहा बोटे आणि दोन्ही पाय एकदम दाबले की वाऱ्याचा दाब किंचित उतरतो, सूर थरथरतो, पुन्हा सावरतो. जुन्या कारागिरांनी हा दोष काढून टाकण्यासाठी पिढ्यान् पिढ्या भाते सुधारले. सुटे ध्वनिमुद्रित सूर एकत्र वाजवले तर त्यांत ही थरथर नसते. प्रत्येक सूर आपापल्या जागी ताठ उभा. तो ताठपणा कानाला खोटा वाटला, म्हणून प्रणाली रचणाऱ्यांनी वाऱ्याचे गणित मांडून ती थरथर परत घातली! कारागीर जो दोष घालवण्यासाठी झुरले, तोच दोष आता हिशेबाने आणावा लागतो. यात हसण्यासारखे आहे, तसे शिकण्यासारखेही आहे. वाद्याचा जिवंतपणा आपण ज्याला म्हणतो, त्याचा बराचसा भाग वाद्याच्या मर्यादांतून येतो.

अनुकरणाने माणसाला ऐकायला शिकवले, हे ऋण आम्हांस मान्य आहे. १९६० च्या दशकात झाँ-क्लोद रिसे हे फ्रेंच संशोधक-संगीतकार अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून ट्रम्पेटचा सूर काढू पाहत होते. पुस्तकांतील माहितीप्रमाणे उपस्वरांचे ठरीव मिश्रण केले तरी ट्रम्पेट काही बोलेना. शोध घेता कळले, की ट्रम्पेटचा आवाज जसजसा चढतो तसतसे त्यातील वरचे उपस्वर अधिक प्रमाणात वाढतात. मोठा सूर हा नुसता मोठा नसतो, तो अधिक उजळ असतो. फुंकणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांना हे शतकानुशतके ठाऊक होते. शास्त्राला ते ठाऊक झाले नक्कल फसल्यावर.

आपल्याकडे हे काम त्याच्याही आधी एका भौतिकशास्त्रज्ञाने, संगणकाविना केले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवले, की मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे चामड्याच्या वाद्यातून सुसंवादी उपस्वर निघतात. एरवी ढोलातून ते निघत नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी तानपुऱ्याच्या घोडीकडे लक्ष वेधले. त्या रुंद, किंचित वक्र घोडीवर तार टेकते आणि उठते, तेव्हा पाश्चात्त्य नियमाप्रमाणे जे उपस्वर असूच नयेत तेही ऐकू येतात. यालाच आपले गवई जवारी म्हणतात. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणून, घोडी कानसून, तारेखाली सुताचा दोरा सरकवत ही जवारी लावतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि त्याच काळात देशभरच्या मैफलींत आणि शिकवणी-वर्गांत तानपुऱ्याच्या जागी विजेची पेटी, नंतर खिशातल्या फोनवरील तानपुरा रुळला. त्याचा सूर उतरत नाही, त्याला पावसाळा बाधत नाही. पण त्याचे आवर्तन दर वेळी तेच असते. तारेवर बोट कुठे, किती हलके पडले यावर तिथे काही अवलंबून नसते. मागे तानपुरा धरून बसणारा शिष्य गुरूच्या श्वासाशी श्वास जुळवत तासन् तास ऐकत असे, आणि त्या ऐकण्यातच त्याचे अर्धे शिक्षण होत असे. पेटीने तानपुऱ्याची जागा घेतली एवढेच दिसते. शिष्याचीही जागा घेतली, हे दिसत नाही.

येथे कोणी आम्हांस विचारील: तर मग नक्कल वाईटच ना? तसे आम्ही म्हणत नाही, आणि ऑर्गनचा इतिहास जाणणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. कारण पाइप ऑर्गन हाच मुळी नकलेचा पूर्वज आहे. त्याच्या खुंट्यांवरची नावे वाचावीत: तुतारी, बासरी, व्हायोला, इतकेच नव्हे तर 'वोक्स हुमाना', म्हणजे मनुष्यवाणी. एका माणसाच्या हाताखाली सारा वाद्यवृंद आणि गायकवृंद आणण्याची महत्त्वाकांक्षा या यंत्राने शतकानुशतके बाळगली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात जन्मलेले हे वाद्य मंदिरात पुष्कळ उशिरा आले. आधी ते राजदरबाराचे होते. ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिन याला ऑर्गन भेट पाठवला तो राजाची शान म्हणून, उपासनेसाठी नव्हे. आज ज्याला आपण पवित्र नाद म्हणतो तो असा बाहेरून आला, आणि उपासनेत राहून राहून पवित्र झाला.

हार्मोनियमची कथा तर आपल्या घरातील. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबाँ यांनी या नावाचे पेटंट घेतले. नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, त्या लहान मंदिरांना आणि घरांना हे पत्तीचे वाद्य सोयीचे झाले. ते मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला हाताचा भाता दिला, आणि ते मांडी घालून बसले. मराठी माणसाला 'ऑर्गन' म्हटले की आजही पायपेटी आठवते, ती संगीत नाटकाच्या रंगमंचापुढची. पुढे या पेटीवर अपवित्रतेचा नव्हे, पण अशुद्धतेचा आरोप झाला. तिच्यातून मींड निघत नाही, तिच्या श्रुती ठरीव, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले. आरोप खोटा नव्हता. तरीही पेटी जिंकली. कारण तिच्यामागे वाजवणारा होता. त्याने तिच्या उणिवेतून मार्ग काढला, गायकाची तान ऐकून ती उचलली, चुकलेल्याला सांभाळून घेतले. नक्कल म्हणून आलेले वाद्य हळूहळू स्वतःचे नाव कमावून बसले.

विजेच्या ऑर्गनचाही असाच खटला चालला, आणि तो खराखुरा खटला होता. १९३५ साली अमेरिकेत हॅमंड ऑर्गन बाजारात आला आणि तो पाइप ऑर्गनची बरोबरी करतो अशी जाहिरात झाली. तेथील व्यापार आयोगाने हरकत घेतली. १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये आडोसा धरून दोन्ही वाद्ये आळीपाळीने वाजवली गेली. विद्यार्थ्यांची उत्तरे सुमारे निम्म्या वेळा चुकली, म्हणजे त्यांनी नाणे उडवले असते तरी चालले असते. जाणकारही सुमारे एक तृतीयांश वेळा फसले. तरी आयोगाने १९३८ साली कंपनीला बरोबरीचा दावा सोडायला लावले. कान फसला म्हणून दोन वस्तू एक होत नाहीत, ही त्या निकालातली सूक्ष्म गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. हॅमंडने पुढे काय केले पाहा! तो जॅझमध्ये आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळींच्या भक्तिगायनात गेला, आणि नकलेचे सोंग टाकून आपल्या स्वतःच्या घोगऱ्या, तापलेल्या आवाजात बोलू लागला.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे कसे पाहिले? परमगुरू बारावे पायस यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पवित्र संगीत व उपासना यांविषयी रोमहून एक सूचनापत्र निघाले. त्यात इलेक्ट्रॉनिक ऑर्गनला, लहानसाही पाइप ऑर्गन घेण्याचे साधन नसेल तर, बिशपांच्या स्पष्ट अनुमतीने, तात्पुरते चालवून घेण्याची मुभा आहे. पण आपोआप वाजणारी वाद्ये, ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांना उपासनाविधीत साफ मज्जाव आहे. वाद्य माणसाने स्वतः वाजवलेलेच हवे, असा तेथील नियम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखला, इतर वाद्यांना आणि मिशन-देशांच्या स्वतःच्या संगीताला दार उघडले. त्यानंतर १९५८ च्या सूचनेतील पुष्कळ तपशील मागे पडला. परंतु तिच्यातला विवेक आजही ताजा आहे. नकली नाद तिने नाइलाजाने का होईना सहन केला. अनुपस्थित वादक मात्र तिने सहन केला नाही. आज आपण नेमके उलटे करतो. नाद खरा की खोटा यावर गायकवृंदाच्या सरावात वाद घालतो, आणि वादक हजर आहे की नाही याची कोणी विचारपूस करत नाही.

गोव्यातील घुमटाचे उदाहरण येथे बोलके आहे. मातीच्या मडक्यावर घोरपडीचे कातडे ताणून हे वाद्य होत असे. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते कातडे निषिद्ध झाले, तेव्हा कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरले. नाद किंचित बदलला. २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याच घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. बदललेल्या कातड्यावरही हात घुमटवाल्याचाच पडत राहिला, म्हणून कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

उलट, वादक गेला की काय होते, याचा धडा आपल्याच समाजाने गिरवला आहे. पोर्तुगीज काळातील गोव्याच्या धर्मग्राम-शाळांतून मुले स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकली. ती मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा झाली. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर अशांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील ते प्रसिद्ध नाव या गुरूची आठवण म्हणून आले. (आपल्या लग्नघरांत त्या गाण्यावर नाचणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?) ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझर आला, मग संगणकातले नमुने आले. पन्नास व्हायोलिनांचा आवाज दोन हातांत मावला, आणि रविवारी मिस्साला वाजवून सोमवारी ध्वनिमुद्रणाला जाणारी एक पिढी घरी बसली. तिच्याबरोबर आपल्या धर्मग्रामांतील शिकवण्याही आटल्या. व्हायोलिनचा आवाज वाचला, व्हायोलिन शिकवणारे सर गेले.

म्हणून आम्हांस संगणकातील ऑर्गनची धास्ती फारशी वाटत नाही. धास्ती वाटते ती पेनड्राइव्हची. अलीकडे लग्नाच्या, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, क्वचित रविवारच्या मिस्सालाही तयार 'ट्रॅक' लावून गाण्याची प्रथा वाढते आहे. त्यात बासरी आहे, तबला आहे, तारवाद्यांची लाट आहे, सारे सुरेल. पण अर्पणाच्या मिरवणुकीत काठी टेकत येणारी एखादी आजी वेदीपाशी पोहोचण्याआधीच ट्रॅक संपतो, किंवा ती पोहोचून दोन मिनिटे झाली तरी संपत नाही आणि धर्मगुरू हात जोडून उभा. स्तोत्राच्या प्रतिसादात लोक शब्द लांबवतात, ही त्यांची पिढीजात सवय. ट्रॅक त्यांच्यासाठी थांबत नाही, उलट त्यांनाच अपराधी ठरवतो. दोन-तीन रविवारांत लोक शहाणे होतात, म्हणजे गप्प होतात. अमेरिकेच्या बिशपांनी २००७ मधील आपल्या मार्गदर्शनात, जमलेल्या जिवंत मंडळीच्या उपासनेतला खरेपणा ध्वनिमुद्रित संगीतात नसतो, अशा आशयाचे मत दिले. आपल्याकडे ते निराळ्या शब्दांत सांगायला हवे: ट्रॅकला ऐकू येत नाही.

वाजवणाऱ्याला ऐकू येते, मग त्याच्यापुढे वाद्य कोणतेही असो. धर्मगुरूला खोकला आला तर तो एक आवर्तन अधिक घेतो. दफनविधीला घरच्यांचा कंठ दाटला की तो सूर खाली आणतो. पवित्र गुरुवारी महिमास्तोत्रानंतर ऑर्गन मुका होतो आणि पास्काच्या रात्री पुन्हा उघडतो, तेव्हा त्या मौनाचा भारही वादकाच्या बोटांवर असतो. ही बोटे काव्हाये-कोलच्या नमुन्यांवर पडोत, फाटक्या भात्याच्या पायपेटीवर पडोत, वा तीन पट्ट्या अडकणाऱ्या स्वस्त कीबोर्डवर. नोत्र दामच्या त्या सायंकाळी आर्चबिशपांच्या आठही हाकांना नळ्यांनी उत्तर दिले असे आपण म्हणतो; खरे तर माडीवर बसलेल्या चार वादकांनी, कागदाशिवाय, त्या त्या शब्दाला तेथल्या तेथे सुचलेले उत्तर दिले.

तेव्हा ज्या धर्मग्रामांनी यंदा अशा खरेदीसाठी निधी जमवला असेल, त्यांच्या कौन्सिलला आमची सूचना इतकीच आहे. यंत्र घ्यायचे तर कोरड्या नमुन्यांचे घ्यावे, ध्वनिक्षेपक वेदीच्या बाजूच्या भिंतीला न टांगता गायकवृंदाजवळ, लोकांच्या कानांच्या उंचीला ठेवावा, आणि रकमेचा निदान अर्धा भाग शिकवणीसाठी राखावा. आठवीतल्या दोन मुली आणि एक मुलगा निवडावा, त्यांना दर शनिवारी शिकवायला येणाऱ्या शिक्षकाचे मानधन आणि गाडीभाडे द्यावे. पहिले वर्षभर ती मुले चुका करतील. मिस्साला आलेल्या मंडळींनी त्या काळात मोठ्याने गावे.